मेणवलीचा वाडा : नानांनंतर इथं कोण राहिलं?

वाई : वाईपासून साधारण तीन किलोमीटरवर कृष्णाकाठी मेणवली गाव आहे. शाहरुख खानच्या 'स्वदेस' (२००४) सिनेमाचं शूटिंग इथं झालं, तेव्हापासून घाटावर फोटो काढायला लांबून लोक येतात. पण या वाड्यात कोण कोण राहिलं, हे आपल्या तालुक्यातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

गाव इनाम मिळालं

नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. जन्म १७४२ चा, साताऱ्यातला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी १७६८ मध्ये मेणवली गाव नानांना इनाम दिलं. नानांनी इथं सहा चौकांचा वाडा, चंद्रकोरीच्या आकाराचा दगडी घाट आणि मंदिरं बांधली. जाड भिंती, लाकडी खांब, भिंतींवर चित्रं असं हे काम आहे. घाटावरच्या मंदिराजवळ मोठी घंटा आहे, तिच्यावर १७०७ साल आणि मेरीमातेची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तिथल्या चर्चमधली ही घंटा.

नानांचा कारभार पुण्यात, त्यामुळे त्यांचं इथं राहणं कमीच. १७९६ च्या धामधुमीत पुणे सोडावं लागलं तेव्हा मात्र ते वाईकडेच आले आणि इथून पुढे घाट उतरून महाडला गेले.

नऊ-दहा वर्षांची मालकीण

१३ मार्च १८०० ला नाना वारले. मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या बाजीरावानं मालमत्ता जप्त केली, त्यात मेणवलीही गेली. नानांच्या पत्नी जिऊबाई तेव्हा अवघ्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. नानांचा विश्वासू किल्लेदार धोंडोपंत नित्सुरे याच्या आसऱ्यानं त्या लोहगडावर राहिल्या. पुढे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली मध्ये पडला. जिऊबाईंना पनवेलला नेऊन ठेवलं आणि वर्षाला १२,००० रुपये नेमणूक ठरली. नंतर मेणवलीचा वाडा आणि जमीन त्यांना परत मिळाली. त्या इथं राहायला आल्या, दत्तक घेतला आणि घर पुढं चाललं. वाडा बांधला नानांनी, पण तो घर म्हणून टिकवला जिऊबाईंनी, असं म्हणायला हरकत नाही. आजही वाडा नानांच्या वंशजांकडेच आहे.

वाड्यातले कागद

या वाड्याचं खरं धन लाकडात नव्हतं, कागदात होतं. नानांचा मोडीतला पत्रव्यवहार इथं होता. त्यालाच मेणवली दफ्तर म्हणतात. साताऱ्याचे इतिहास संशोधक द. ब. पारसनीस यांनी हे कागद मिळवले आणि त्यातले बरेच 'इतिहाससंग्रह' मासिकात छापले. पेशवाईच्या शेवटच्या काळाबद्दल आज जे वाचायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं असल्या कागदांवरच उभं आहे. ते चुलीत गेले असते तर आपल्याला नुसत्या दंतकथा उरल्या असत्या.

आपल्या गावातले वाडे

आपल्या तालुक्यांत गावोगाव पाटलाचे, कुलकर्ण्यांचे, देशमुखांचे वाडे आहेत. वाटण्या होतात, एक भाऊ पुण्या-मुंबईला, एक गावात. छप्पर गळतं, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर अडतं. मग सागवान विकलं जातं, दगड बांधाला जातो. सगळेच वाडे वाचतील असं नाही, हे खरं आहे.

पण वाडा पाडायच्या आधी एवढं तरी करा. माळ्यावर, कोनाड्यात, जुन्या पेटीत कापडात बांधलेले रुमाल असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. ओल लागू देऊ नका, चिकटपट्टी लावू नका. मोबाईलवर एकेका पानाचा फोटो काढा. मोडी वाचणाऱ्याला दाखवा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि सरकारी पुराभिलेखागारात जाणकार भेटतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून कोण कधी राहायला आलं, कोणती खोली कुणाच्या वाट्याला गेली, हे लिहून घ्या. वाडा पडला तर एक वेळ दुसरं घर बांधता येईल. त्या घराची हकिकत एकदा गेली की परत मिळत नाही.