दप्तरातले नाव आणि हातातला ताबा

जमिनीच्या कज्ज्यांशी ज्यांचा थोडाफार संबंध आला असेल त्यांना हे पुरते ठाऊक असते, की दप्तरी नाव लागणे ही एक गोष्ट आणि प्रत्यक्ष वहिवाट असणे ही दुसरी. बरेच तंटे उद्भवतात ते या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच. संगणकाच्या क्षेत्रात हा भेद पारखून त्यावर एका समग्र व्यवस्थेची उभारणी करण्याचे श्रेय युनिक्स या कार्यप्रणालीच्या कर्त्यांना दिले पाहिजे.

१९६९ साली बेल लॅबोरेटरीज ही संस्था मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून बाहेर पडली. त्याच वर्षी न्यू जर्सीतील मरे हिल येथे केन टॉम्प्सन, डेनिस रिची आणि रड कॅनडे यांनी फळ्यावर पुढे युनिक्सचा भाग बनलेल्या नव्या फाइलव्यवस्थेचा आराखडा मांडला, आणि टॉम्प्सन यांनी तो पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर उतरवला. फाइलीचा आकार, तिच्यावरील अधिकार आणि डिस्कवरील तिच्या खंडांची ठिकाणे ही सारी माहिती ‘आय-नोड’ नामक क्रमांकित नोंदीत ठेवावी, परंतु त्या नोंदीत फाइलीचे नाव मात्र घालू नये, असा हा आराखडा होता. नावाचे स्थान डिरेक्टरीत. पुढे पीडीपी-११ वर डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद १६ बाइटांची असे, त्यांपैकी १४ नावाचे आणि २ आय-नोडच्या क्रमांकाचे. म्हणजे डिरेक्टरी ही केवळ नावासमोर क्रमांक मांडणारी एक वही ठरली. साहजिकच एकाच फाइलीला अनेक नावे असू शकत, आणि त्यांत मूळ कोणते व उपनाव कोणते असा तरतमभाव उरत नसे.

प्रोग्रामने फाइल उघडली, की कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, ते नाव एकदाच तपासून त्याच्या हाती एक लहानसा पूर्णांक देतो. हाच फाइल डिस्क्रिप्टर, आणि पुढचे सारे वाचन-लेखन त्याच्याच आधारे चालते. म्हणूनच नाव काढून टाकणाऱ्या आज्ञेला ‘नष्ट करा’ असे न म्हणता ‘अनलिंक’, म्हणजे दुवा सोडा, असे समर्पक नाव मिळाले. शेवटचे नाव खारीज झाले तरी जोवर कोणा एका प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, हाती ती फाइल उघडी आहे तोवर तिला धक्का लागत नाही. शेवटचा ताबा सुटला, की मगच जागा मोकळी होते. या नियमातूनच प्रोग्रामरांमध्ये एक वहिवाट रूढ झाली: तात्पुरती फाइल निर्माण करून उघडायची, तत्काळ तिचे नाव पुसायचे आणि निर्धास्तपणे काम करायचे, प्रोग्राम मध्येच कोसळला तरी मागे कचरा राहत नाही.

१९७३ साली डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहावरून युनिक्समध्ये पाइप आला, आणि त्याला तर कधी नावच नव्हते. एका प्रोग्रामचे लेखन दुसऱ्याचे वाचन व्हावे, यासाठी दोघांच्या हाती डिस्क्रिप्टर असणे पुरेसे होते. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमध्ये असा ताबा सॉकेट या संवादमार्गाने दुसऱ्या प्रोसेसकडे हवाली करण्याची सोय झाली. याउलट, सन कंपनीने १९८० च्या दशकात प्रसृत केलेल्या एनएफएस या नेटवर्कवरील फाइलव्यवस्थेमध्ये कोणाची कोणती फाइल उघडी आहे याचे स्मरण सर्व्हर ठेवीत नसे. परिणामी उघड्या फाइलीचे नाव पुसण्याची वेळ आली, की क्लायंटला तिचे गुपचूप नामांतर करून वेळ निभावून न्यावी लागे. जेथे ताब्याची नोंद नाही तेथे नावालाच चिकटून राहावे लागते, याचा हा बोलका पुरावा होय.

नाव तपासणे आणि ते वापरणे यांमधल्या क्षणात कोणी त्या नावाखालची वस्तूच बदलली तर घात होतो, हे ध्यानी घेऊन २००८ च्या पॉझिक्स मानकाने डिरेक्टरीच्या डिस्क्रिप्टरपासून पुढचा मार्ग शोधणारी ‘ओपनॅट’ ही आज्ञा स्वीकारली. आणि २०१३ साली लिनक्समध्ये जन्मतःच निनावी असलेली फाइल उघडण्याची सोय आली, जिला वाटल्यास मागाहून नाव देता येते.

सर्व्हरवरील अवाढव्य लॉग फाइल काढून टाकल्यावरही डिस्क भरलेलीच दिसली, तर यंत्रावर दोष न ठेवता तिचा ताबा अजून कोणत्या प्रोसेसकडे आहे ते आधी पाहावे; पुसले गेले आहे ते केवळ नाव.