पोलंडमध्ये न ठेवले जाणारे नाव

मेरीच्या भक्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या पोलंडमध्ये कित्येक शतके मुलीचे नाव 'मारिया' ठेवायला लोक कचरत. देवाच्या आईचे नाव मर्त्य बाईने लावू नये, ही धारणा. मुलींची नावे ठेवली जात मारिना, मारियान्ना. यावर आक्षेप असा, की मारिना ही वेगळी संत आहे आणि मारियान्ना हे 'मारियानुस' या लॅटिन नावाचे स्त्रीरूप असू शकते. मग 'मारिया' मुद्दाम टाळले हे कशावरून? आक्षेप रास्त आहे, पण राजघराण्यातला पुरावा त्याला पुरून उरतो. व्वादिस्वाफ चौथा या राजाशी लग्न होऊन १६४६ मध्ये आलेली फ्रेंच राजकन्या मारी-लुईझ गोंझागा पोलंडमध्ये 'लुद्विका मारिया' झाली. प्रश्न निव्वळ आवडीनिवडीचा असता, तर राणीच्या नावाचा क्रम उलटायचे कारण काय? पुढे तिचा दुसरा पती यान काझिमीर याने १ एप्रिल १६५६ रोजी ल्वूफच्या कॅथीड्रलमध्ये खुद्द मेरीलाच पोलंडची राणी घोषित केले. एका राज्यात मारिया नावाची राणी एकच, आणि ती स्वर्गातली.

हा निर्बंध सैल झाला तो याच लुद्विका मारियाच्या परिवारातून, असे माझे ठाम मत आहे. तिच्याबरोबर फ्रान्सहून पाचेक वर्षांची एक मुलगी आली होती, मारी काझिमीर. पुढे राजा झालेल्या यान सोबिएस्कीची ती बायको झाली आणि २ फेब्रुवारी १६७६ रोजी क्राकूफला तिचा राज्याभिषेक झाला तो 'मारिया काझिमिएरा' म्हणून, मारिया पुढे ठेवून. नवरा पत्रांत तिला 'मारिशेंका' म्हणे. देवघरातले नाव लाडाने घरात वावरू लागले होते. परदेशी बाईला सूट मिळाली, एवढेच म्हणणाऱ्यांनी लुद्विकाही परदेशीच होती हे ध्यानात घ्यावे. तिला न मिळालेली सूट तीस वर्षांनी दुसरीला मिळाली, म्हणजे मधल्या काळात दरबाराचे मन बदलले होते. १७३४ मध्ये मारिया युझेफाही राणी झाली. दरबारातून जमीनदारांच्या वाड्यांत आणि तिथून गावात, नावे अशीच झिरपतात. १८६७ मध्ये वॉर्सातल्या स्क्वोदोव्स्की या शिक्षक दांपत्याने धाकट्या मुलीचे नाव मारिया ठेवले (हीच पुढची मेरी क्युरी), तेव्हा ते नाव सर्वसामान्य झालेले होते. पुढे तर पुरुषही ते दुसरे नाव म्हणून लावू लागले: २०१० ते २०१५ या काळातले राष्ट्राध्यक्ष ब्रोनिस्वाफ मारिया कोमोरोव्स्की.