अतिदीप्त नवताऱ्यांच्या अवशेषांतील उच्च ऊर्जा प्रारण

अतिदीप्त नवताऱ्याच्या स्फोटात ताऱ्याचे द्रव्य सेकंदाला हजारो किमी. वेगाने बाहेर फेकले जाते. हे द्रव्य व त्याने रेटलेला आंतरतारकीय वायू यांच्या प्रसरण पावणाऱ्या मेघाला अतिदीप्त नवताऱ्याचा अवशेष म्हणतात. त्यापासून रेडिओ तरंगांपासून गॅमा किरणांपर्यंतचे प्रारण मिळते. या प्रारणाच्या अभ्यासाचा इतिहास विश्वकिरणांच्या उगमाच्या प्रश्नाशी निगडित आहे.

व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये विश्वकिरणांचा शोध लावला. हे किरण म्हणजे मुख्यत्वे प्रोटॉन होत. विद्युत् भारामुळे ते आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रात वळत राहतात. म्हणून त्यांच्या आगमनाच्या दिशेवरून उगमस्थान कळत नाही. अतिदीप्त नवतारे हा त्यांचा उगम असावा, अशी कल्पना वॉल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये मांडली.

पहिला पुरावा मात्र इलेक्ट्रॉनांचा मिळाला. वृषभ राशीतील खेकडा अभ्रिका हा १०५४ साली चीनमध्ये नोंदल्या गेलेल्या स्फोटाचा अवशेष होय. चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून तिचा प्रकाश निघतो (सिंक्रोट्रॉन प्रारण), असे श्क्लॉव्हस्की यांनी १९५३ मध्ये सुचविले. १९५४ मध्ये त्या प्रकाशाचे ध्रुवण आढळल्याने याला पुष्टी मिळाली. या अभ्रिकेतील इलेक्ट्रॉनांना मध्यवर्ती पल्सारपासून ऊर्जा मिळते, हे १९६८ मध्ये पल्सार सापडल्यावर स्पष्ट झाले.

केवळ कवच असलेल्या अवशेषांत वेगळी यंत्रणा असते. कवचाच्या पुढे जाणारा आघात तरंग कण पुन:पुन्हा ओलांडतो व प्रत्येक फेरीत त्याची ऊर्जा थोडी वाढते. एन्रीको फेर्मी यांच्या १९४९ मधील कल्पनेला हे रूप १९७७-७८ मध्ये अनेक शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दिले. इ. स. १००६ मधील स्फोटाच्या अवशेषाच्या कडांपासून येणारे क्ष-किरण सिंक्रोट्रॉन स्वरूपाचे असल्याचे १९९५ मध्ये आढळले. त्यावरून तेथील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सु. १०० लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ठरली.

तरीही प्रोटॉनांचा पुरावा मिळाला नव्हता. कारण वेगवान इलेक्ट्रॉनही कमी ऊर्जेच्या फोटॉनांना ऊर्जा देऊन गॅमा किरण निर्माण करू शकतात. प्रोटॉन वायूवर आदळल्यास उदासीन पायॉन निर्माण होतात व त्यांच्या क्षयातून गॅमा किरण निघतात. या किरणांच्या वर्णपटात सु. २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली विशिष्ट उतार असतो. फेर्मी उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो आयसी ४४३ व डब्ल्यू ४४ या अवशेषांत दिसल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. अशा रीतीने बाडे व झ्विकी यांच्या कल्पनेला सु. ८० वर्षांनी आधार मिळाला. मात्र १,००० लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉनही अशाच अवशेषांत निर्माण होतात की नाही, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.