टोळीचा शिक्का

३० जानेवारी १९८८ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड भागात टोळीवाल्यांचा गोळीबार झाला. रस्त्याने चाललेली सत्तावीस वर्षांची एक तरुणी त्यात नाहक मारली गेली. टोळीयुद्धं शहराला नवी नव्हती, पण ती गरीब वस्त्यांत व्हायची. वेस्टवूड हा विद्यापीठाला लागून असलेला, सिनेमागृहांचा आणि खाण्यापिण्याचा सुखवस्तू भाग. तिथे रक्त सांडलं आणि गदारोळ उठला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने टोळ्यांविरुद्ध 'स्टेप' कायदा केला.

कायद्याच्या लेखी टोळी म्हणजे तीन किंवा अधिक माणसं, त्यांचं एक नाव किंवा खूण, ठरावीक गुन्हे हा त्यांचा मुख्य उद्योग आणि तसे किमान दोन गुन्हे पदरी. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातही दहा वर्षांतली एकाहून अधिक आरोपपत्रं लागतात.

बळाने किंवा धाकाने चालकाला उतरवून गाडी पळवणं, म्हणजे कारजॅकिंग, कॅलिफोर्नियात १९९३ साली स्वतंत्र गुन्हा ठरला. शिक्षा तीन, पाच किंवा नऊ वर्षं. मार्च २००० मध्ये मतदारांनी 'प्रोपोझिशन २१' मंजूर केलं आणि गणित बदललं. तोच गुन्हा टोळीच्या फायद्यासाठी केल्याचं सिद्ध झालं, तर जन्मठेप. पॅरोलचा विचारसुद्धा पंधरा वर्षांनंतर. गाडी पळवताना कोणाचा जीव गेला, तर गोळी न झाडलेला साथीदारही पहिल्या दर्जाच्या खुनात अडकायचा.

आरोपी टोळीचा आहे, हे सांगणार कोण? बहुतेक खटल्यांत पोलिसांतलाच 'टोळीतज्ज्ञ'. गस्तीवरचे पोलीस रस्त्यात कोणालाही थांबवून एक छोटं कार्ड भरत: सोबत कोण होतं, अंगावर कोणतं गोंदण, कपड्यांचा रंग कोणता. तज्ज्ञ ती कार्डं वाचून ज्युरीपुढे उभा राही. आरोपीला तो कधी भेटलेला नसला तरी चाले. १९९६ च्या गार्डली निकालाने या पद्धतीला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा आधार मिळाला.

अपिलात साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. तीन न्यायाधीश खटल्याचं टिपण वाचतात आणि कायद्याची चूक शोधतात. त्यामुळे 'तज्ज्ञाचं बोलणं ऐकीव आहे' ही तक्रार गार्डलीच्या भिंतीवर आपटून परत यायची.

ती भिंत ३० जून २०१६ ला पडली. सँटा ॲना शहरातल्या 'दिल्ली' नावाच्या टोळीशी संबंध जोडलेल्या सँचेझ या आरोपीच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की तज्ज्ञाने आपल्या विषयाची सर्वसाधारण माहिती खुशाल द्यावी. पण या आरोपीबद्दल दुसऱ्याने कार्डावर लिहिलेलं खरं म्हणून सांगायचं, तर ते रीतसर पुराव्याने सिद्ध व्हायला हवं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'कॅलगँग' या पोलिसांच्या सामायिक नोंदवहीचा सरकारी लेखापरीक्षण अहवाल आला. नोंद करताना वय एक वर्षाच्याही आत दाखवलेले ४२ जण त्यात सापडले. त्यांतल्या २८ जणांपुढे कारण लिहिलं होतं: टोळीत असल्याची कबुली दिली!

मग कायदाही हलला. २०१९ पासून खुनाच्या आरोपात साथीदाराचा स्वतःचा हेतू किंवा सहभाग तपासावा लागू लागला, आणि जुन्या कैद्यांनाही अर्जाची मुभा मिळाली. १ जानेवारी २०२२ पासून टोळीची व्याख्या आवळली: नुसता दबदबा वाढला एवढं पुरेसं नाही, टोळीला ठोस लाभ दाखवा, चालू खटल्यातला गुन्हा जुन्या गुन्ह्यांच्या मोजणीत धरू नका, आणि आरोपीने मागणी केल्यास आधी गुन्ह्याचा निकाल, मगच टोळीचा विषय.

शिक्षा सौम्य करणारा नवा कायदा अपील प्रलंबित असलेल्यांनाही लागू होतो, असं १९६५ च्या एस्ट्राडा निकालापासून तिथे मानलं जातं. त्यामुळे असंख्य फायली पुन्हा उघडल्या. पण टोळीचा शिक्का पुसला म्हणजे माणूस सुटला, असं नाही. २०२२ च्या ट्रॅन निकालात न्यायालयाने टोळीबाबतचा निष्कर्ष रद्द केला आणि खुनाची दोषसिद्धी, फाशीसकट, कायम ठेवली. कारजॅकिंगच्या अपिलात मात्र त्याच शिक्क्यावर शिक्षेचा आकडा ठरतो. निष्कर्ष रद्द झाला तरी सरकारी वकिलाला नव्या निकषांवर तो पुन्हा सिद्ध करायची संधी मिळते. तो सिद्ध झाला नाही, तर त्या कलमाखालची जन्मठेप जाते आणि उरतात ती तीन, पाच किंवा नऊ वर्षं.