भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी
इंग्रजीतील साध्या अनेकवचनाला विनाकारण अपॉस्ट्रॉफी (’) लावण्याच्या चुकीला ब्रिटनमध्ये मिळालेले थट्टेचे नाव. भाजीच्या दुकानांतील दरपाट्यांवर ‘पोटॅटोज’, ‘टोमॅटोज’ यांतल्या ‘एस’आधी हे चिन्ह सर्रास दिसे, त्यावरून ते पडले. ‘इट्स’ची गफलतही तितकीच सार्वत्रिक: ‘इट इज’च्या संक्षेपात चिन्ह लागते, ‘त्याचे’ या अर्थी नाही. नामांच्या षष्ठीत मात्र ते लागतेच, त्यामुळे हा गोंधळ क्षम्य मानावा. निवृत्त पत्रकार जॉन रिचर्ड्स यांनी २००१ मध्ये या चिन्हाच्या रक्षणासाठी संस्था काढली. अज्ञान आणि आळस जिंकले, असे सांगून २०१९ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, ती बंद केली. पुढे इतरांनी ती पुन्हा चालवायला घेतली. ‘वॉटरस्टोन्स’ या पुस्तकविक्रेत्या कंपनीने तर २०१२ मध्ये आपल्या नावातलेच चिन्ह गाळले.