डोक्यावर दहा हजार ब्रिटिश उतरले, तेव्हा अर्नहेममधले जर्मन काय करत होते?

१७ सप्टेंबर १९४४. रविवार दुपार. नेदरलँड्समधल्या ऊस्टरबेक नावाच्या टुमदार गावात, टाफेलबर्ग हॉटेलात, जर्मन फील्ड मार्शल वॉल्टर मॉडेलचं मुख्यालय थाटलेलं होतं. फ्रान्समधून मार खाऊन मागे आलेल्या जर्मन फौजा कशाबशा सावरायच्या, हे त्याच्याकडचं काम. ऊस्टरबेक त्यासाठी निवडलं, कारण आघाडी लांब होती आणि गाव शांत होतं.

आणि त्याच गावापासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर आकाशातून पॅराशूट उतरायला लागली.

मॉडेलला पहिल्यांदा काय वाटलं? हे लोक मलाच उचलून न्यायला आलेत! आज हसू येईल, पण त्याच्या जागी बसून बघा. आसपास ना मोठी छावणी, ना आघाडी. एवढं सैन्य इथे कुणासाठी उतरेल? त्याने गाडी मागवली आणि तो तिथून निसटून डूटिनखेमला, जनरल विल्हेल्म बिट्रिखच्या मुख्यालयात पोहोचला.

ब्रिटिशांना मात्र मॉडेल तिथे आहे याचा पत्ताच नव्हता. त्यांना हवा होता अर्नहेमचा पूल.

नेमका प्लॅन काय होता?

ब्रिटिश फील्ड मार्शल माँटगोमेरीच्या या मोहिमेचं नाव 'मार्केट गार्डन'. तीन हवाई डिव्हिजन शत्रूच्या पाठीमागे उतरवायच्या आणि एकामागोमाग एक पूल ताब्यात घ्यायचे. आइंडहोवनजवळ अमेरिकेची १०१ वी डिव्हिजन, नाइमेखेनजवळ ८२ वी आणि सगळ्यात पुढे, ऱ्हाइन नदीवरच्या अर्नहेमला ब्रिटिशांची पहिली हवाई डिव्हिजन. मग दक्षिणेकडून रणगाडे सुमारे १०० किलोमीटरचा एकच रस्ता धरून येणार, ऱ्हाइन ओलांडणार आणि जर्मनीत शिरणार. ख्रिसमसपर्यंत युद्ध खलास!

या मोहिमेवर १९७७ साली 'अ ब्रिज टू फार' हा सिनेमा आला. दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो, म्हणजे पुढे आपल्याकडे 'गांधी' करणारे तेच. सिनेमा मुख्यतः दोस्त राष्ट्रांच्या बाजूने आहे. तो बघून अनेकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते : अर्नहेममध्ये दोन एसएस पँझर डिव्हिजन दबा धरून बसल्या होत्या आणि बिचारे पॅराट्रूपर सापळ्यात उतरले.

जर्मन बाजूने बघितलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

दोन डिव्हिजन होत्या, पण फक्त नावाला

अर्नहेमच्या आसपास नववी एसएस 'होहेनश्टाउफेन' आणि दहावी एसएस 'फ्रुंड्सबेर्ग' या डिव्हिजन होत्या, हे खरं. दोन्ही बिट्रिखच्या हाताखाली. पण नॉर्मंडीत त्यांचा पार चुराडा झाला होता. दोघींची माणसं एकत्र मोजली तरी एक धड डिव्हिजन उभी राहिली नसती, आणि चालते रणगाडे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या तिथे आल्या होत्या विश्रांतीला आणि डागडुजीला.

त्यातही नवव्या डिव्हिजनला हुकूम होता की आपली वाहनं दहावीला द्या आणि आगगाडीत बसून जर्मनीला चला. नववीचा प्रमुख वॉल्टर हार्झर काही देणाऱ्यातला नव्हता. त्याने काही गाड्यांची चाकं, पट्टे आणि तोफा काढून ठेवायला लावल्या आणि कागदावर लिहिलं, 'नादुरुस्त'. सरकारी कचेरीत टेबलं-खुर्च्या वाचवायला लोक जे करतात, तेच. हल्ल्याची बातमी आल्यावर तीच चाकं काही तासांत परत बसली.

दहावीचा प्रमुख हाइन्झ हार्मेल तर अर्नहेममध्येच नव्हता. माणसं आणि सामान मागायला तो बर्लिनकडे गेला होता.

सापळा लावणारे असे वागत नाहीत. बरं, पॅराट्रूपर नेमके कुठे उतरणार हे ठाऊक असतं, तर मॉडेल स्वतः त्यांच्या वाटेत येऊन राहिला असता का?

मग ते सावरले कसे?

खरी गोष्ट इथे आहे आणि ती पहिल्या सात-आठ तासांतली आहे.

पॅराट्रूपर जमिनीवर उतरतो तेव्हा सगळ्यात दुबळा असतो. तुकडी विखुरलेली, जड शस्त्रं जवळ नाहीत, नेमकी जागा समजायला वेळ लागतो. त्यामुळे त्याच्यावर लगेच तुटून पडायचं. पूर्ण माहितीची आणि पूर्ण फौजेची वाट बघायची नाही. नववी आणि दहावी एसएस १९४३ मध्ये उभ्या राहिल्या, तेव्हा फ्रान्सवर हवाई हल्ला होईल या अंदाजाने त्यांच्याकडून याचाच सराव करून घेतला होता.

पण सगळ्यात आधी आडवा आला तो त्यांच्यातला नव्हताच. वोल्फहेझेच्या जंगलात सेप क्राफ्ट नावाचा अधिकारी तीन-चारशे शिकाऊ पोरांना ट्रेनिंग देत होता. बरीचशी जेमतेम १८ वर्षांची. समोर हजारो ब्रिटिश उतरताना दिसत होते. क्राफ्टलाही आधी वाटलं की हे मॉडेलसाठी आले असतील. पण त्याने आदेशाची वाट पाहिली नाही. उतरण्याच्या मैदानांकडून अर्नहेमला जाणाऱ्या वाटांवर पोरांना मशीनगन देऊन पसरवलं आणि अंधार पडेपर्यंत ब्रिटिशांना रोखून धरलं. रात्री वेढा पडेल असं दिसताच तो मागे सरकला.

एक वाट मात्र त्याच्या हाताबाहेर राहिली, अगदी नदीकाठची. तिथूनच लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्टचे लोक पुढे सटकले.

(क्राफ्टने नंतर या लढाईचा अहवाल थेट हिमलरला पाठवला. त्यात त्याने स्वतःची आरती भरपूर ओवाळली आहे, त्यामुळे इतिहासकार तो जपूनच वापरतात.)

त्याच संध्याकाळी अर्नहेमचा शहर कमांडंट मेजर जनरल कुसिन परिस्थिती बघायला क्राफ्टकडे आला. परतताना आला त्याच रस्त्याने जाऊ नका, असं क्राफ्टने बजावलं होतं. कुसिनने ऐकलं नाही. चौकात त्याची गाडी नेमकी ब्रिटिशांच्या समोर आली आणि तो जागीच ठार झाला. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी फील्ड मार्शल पळालेला आणि शहराचा कमांडंट मेलेला. तरीही फळी उभी राहिली, कारण खालचे अधिकारी वरून फोन येण्याची वाट बघत बसले नव्हते.

श्पिंडलर नावाच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने हाताला लागतील त्या तुकड्या गोळा करून शहराच्या पश्चिमेला अडथळ्यांची रांग उभी केली. पश्चिमेकडून फॉन टेटाऊ येत होता. त्याच्याकडची फौज म्हणजे अक्षरशः खिचडी : सार्जंट घडवणाऱ्या शाळेतले विद्यार्थी, हवाई दल आणि नौदलाचे लोक, शिवाय आमर्सफोर्टच्या छळछावणीवर पहारा देणारी डच एसएस बटालियन. या पहारेकऱ्यांची दुसऱ्याच दिवशी गिंकेलच्या माळावर धूळधाण उडाली.

हातातला पूल सोडला

एवढं सगळं करून जर्मनांनी एक मोठी चूक केलीच. पुलावर पुरेशी माणसं ठेवायचीच राहून गेली.

नवव्या डिव्हिजनच्या टेहळणी तुकडीचा प्रमुख होता विक्टर ग्रेब्नर. नॉर्मंडीतल्या कामगिरीबद्दल त्याला त्याच रविवारी नाइट्स क्रॉस मिळाला होता. समारंभ उरकतो न उरकतो तोच हुकूम आला. त्याची चिलखती वाहनं संध्याकाळी अर्नहेमचा पूल ओलांडून दक्षिणेला नाइमेखेनच्या दिशेने गेली. तेव्हा पुलावर शत्रू नव्हता. रात्री आठच्या सुमारास फ्रॉस्टचे लोक आले आणि त्यांनी उत्तरेचं टोक घेतलं.

सोमवारी सकाळी ग्रेब्नर परत आला. वीस-बावीस वाहनं घेऊन वेगात पूल पार करायचा, हा त्याचा हिशोब. पहिल्या काही गाड्या निसटल्याही. नंतर दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्यांतून रणगाडाविरोधी शस्त्रांचा मारा सुरू झाला. पुढची गाडी पेटली, मागच्या तिच्यावर आदळल्या, आणि उंच रॅम्पवर वळायला जागा नव्हती. दोनेक तासांत डझनभर वाहनं जळाली, सुमारे ७० जर्मन मेले. त्यात ग्रेब्नरही होता. क्रॉस मिळून एक दिवसही झाला नव्हता.

याची खरी किंमत पुढे कळली. बिट्रिखने पहिल्याच दुपारी ओळखलं होतं की अर्नहेमची लढाई नाइमेखेनच्या पुलावर ठरणार. तो पूल राखला तर दक्षिणेकडून येणारे रणगाडे पोहोचतच नाहीत. म्हणून दहावी एसएस तिकडे पाठवायची होती. पण जायचं कुठून? अर्नहेमच्या पुलावर फ्रॉस्ट बसलेला. शेवटी पानेर्डेनजवळ तराफ्यांवरून माणसं आणि वाहनं नदीपार करावी लागली. भयंकर संथ काम. नाइमेखेनचा पूल उडवून देऊ, असं बिट्रिखचं म्हणणं. मॉडेलने नकार दिला; त्याला प्रतिहल्ल्यासाठी तो हवा होता. २० सप्टेंबरला अमेरिकन आणि ब्रिटिशांनी तो धडधाकट घेतला.

पण तोवर फ्रॉस्टच्या लोकांचा दारूगोळा संपत आला होता. त्यांना संपवायला पाठवलेल्यांत हान्स-पीटर क्नाउस्ट होता, मॉस्कोजवळ पाय गमावलेला आणि लाकडी पायावर चालणारा मेजर. त्याच्या शिकाऊ बटालियनमध्येही जखमांतून उठलेले बरेच जण होते. पद्धत ठरलेली : घराघरावर तोफ रोखायची, वरचा मजला पाडायचा, मग खालचा. २१ तारखेच्या सकाळपर्यंत पूल पुन्हा जर्मनांचा झाला आणि रणगाडे नाइमेखेनच्या वाटेवर निघाले. एका दिवसाच्या उशिराने.

चेटकिणीची कढई

उरलेले ब्रिटिश ऊस्टरबेकमध्ये अडकले, मॉडेल जिथून पळाला त्याच गावात. त्या वेढ्याला जर्मन सैनिक 'हेक्सेनकेसेल' म्हणायचे, म्हणजे चेटकिणीची कढई. झाडी, बंगले, तळघरं. शत्रू कधी शेजारच्या खोलीत. रशियन आघाडीवर उघड्या मैदानात लढलेल्यांनाही हे जड गेलं.

ब्रिटिशांसाठी विमानातून टाकलेलं बहुतेक सामान जर्मनांच्याच हद्दीत पडत होतं. ठरलेल्या जागा जर्मनांकडे गेल्याचं वैमानिकांना कळलंच नव्हतं. चॉकलेट, सिगारेट, दारूगोळा, सगळं आयतं. ते खात-ओढत जर्मन पोरं पुन्हा लढायला जायची.

२४ तारखेला एक विचित्र गोष्ट घडली. ब्रिटिश डॉक्टर ग्रेम वॉरॅक आणि एसएसचा डॉक्टर एगॉन स्काल्का यांच्या बोलण्यातून काही तासांची शस्त्रसंधी झाली. बिट्रिखने होकार दिला आणि शेकडो जखमी ब्रिटिश जर्मनांच्या ताब्यातल्या दवाखान्यांत हलवले गेले. एसएसच्या इतर ठिकाणच्या इतिहासापुढे ही घटना उठून दिसते, म्हणून ती वारंवार सांगितली जाते. पण तिच्यामुळे तो इतिहास पुसला जात नाही.

२५ च्या रात्री पावसात ब्रिटिश नदीपार निघून गेले. सुमारे १० हजार आले होते, साधारण २,४०० परतले. जवळपास १,५०० मेले, बाकीचे बहुतेक कैदी. जर्मनांनी स्वतःचं नुकसान सुमारे ३,३०० मृत आणि जखमी असं कळवलं. काही अभ्यासकांच्या मते खरा आकडा बराच मोठा होता.

आणि तो माणूस, ज्याला हेवा वाटला

जर्मन हवाई सैन्य उभारणारा कुर्ट श्टुडेंट त्या रविवारी फुख्टजवळच्या एका घरात होता. डोक्यावरून शेकडो विमानं जाताना पाहून भीतीपेक्षा हेवा वाटला, असं त्याने नंतर सांगितलं. १९४१ मध्ये क्रीटवर त्यानेच पॅराट्रूपर उतरवले होते. बेट मिळालं, पण माणसं इतकी मेली की हिटलरने तसे मोठे हल्ले बंदच केले. त्याच दिवशी जवळ पडलेल्या एका ग्लायडरमधून या मोहिमेचे कागद श्टुडेंटच्या हाती लागले. अर्थात तोपर्यंत क्राफ्टची पोरं जंगलात लढायला लागली होती.

जर्मनांनी अर्नहेम रिकामं करायला लावलं. सुमारे एक लाख माणसं हातगाड्या, सायकली घेऊन निघाली, मागे घरं लुटली गेली. १७ सप्टेंबरला दोस्तांच्या मदतीसाठी डच रेल्वे कामगारांनी संप पुकारला होता. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम भागाचा अन्नपुरवठा रोखला. त्या हिवाळ्यात सुमारे २० हजार लोक भुकेने मेले. अर्नहेम मुक्त झालं एप्रिल १९४५ मध्ये, आणि लोक परतले तेव्हा अनेकांच्या घरात दारं-खिडक्याही उरल्या नव्हत्या.