थळ मागण्याचा हक्क

भांडणात जिंकलेला मनुष्य हसतमुखाने घरी जातो. त्याची काळजी कुणालाच करावी लागत नाही. न्यायाची खरी कसोटी हरलेल्याच्या घरी लागते. निकाल ऐकून तो मुकाट्याने भाकरीला बसतो की कोयता परजतो, यावरून त्या गावचा न्याय ओळखावा.

मराठेशाहीतले वतनाचे कज्जे वाचताना मला हे वारंवार जाणवते. पाटीलकी कुणाची, वडीलपणाचा मान कुणाचा, शिवेचा दगड कुठला, असल्या वादांत पिढ्यान् पिढ्या रक्त आटे. तंटा आधी गोतसभेपुढे यावयाचा. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार आणि भाऊबंद तिथे बसत. पंचांमुखी परमेश्वर ही आपली म्हण त्याच श्रद्धेतली. पण ते पंच प्रतिपक्षाचे सोयरेच निघाले तर?

आमच्या शाळेच्या मैदानावर हा प्रश्न दर शनिवारी उभा राहतो. “गुरुजी, पंच त्यांच्या गल्लीतला आहे!” पोरांच्या या तक्रारीत न्यायशास्त्राचे मर्म आहे. आमच्या पूर्वजांनी ते ओळखले होते. आपल्या गावच्या गोतावर ज्याचा भरवसा नसे, तो ‘थळ’ मागे. म्हणजे वाद दुसऱ्या गावच्या किंवा परगण्याच्या सभेपुढे न्यावा, असा अर्ज करी. तिथे ना कुणाचा व्याही, ना कुणाचा सावकार. पाटलाच्या दारी दाद न लागली, तर मामलेदाराकडे आणि शेवटी पुण्याला पेशव्यांच्या दरबारापर्यंत जाण्याची वाट होती. रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव अजून घरोघर घेतले जाते, ते त्या शेवटल्या पायरीवरील निःस्पृहतेमुळेच.

मात्र ही वाट मोकाट नव्हती. सभा बसण्याआधीच उभय पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. त्या काळी या शब्दाचा अर्थ ‘निवाडा मान्य करण्यास राजी आहोत’ असा होता. सोबत जामीनही द्यावा लागे. तकरिरा लिहिल्या जात, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर तयार होई. त्यावर पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. हरलेला येजितखत लिहून देई. पंचांनी लाच खाल्ली किंवा उघड पक्षपात केला, असे दाखविल्यावाचून निवाडा सहसा पुन्हा उकरला जात नसे. दाद मागण्याला दार होते, तसा उंबराही होता.

या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणावयास मी धजणार नाही. पुरावा तोकडा पडला की उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढण्याचे दिव्य करावे लागे. १८१९ च्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टनने दिरंगाईसारखे दोष सांगितले. तरी पंचायतीचा उपयोगही त्याने मानला. पण कालांतराने पंचायतीची जागा इंग्रजी कोर्टांनी घेतली, आणि थळ हा शब्द दप्तरांत निजला.

सभा मात्र उरल्या, त्या जातपंचायतींच्या. तिथे दंड होता, वाळीत टाकणे होते, थळ नव्हते. ज्यांनी शिक्षा दिली, त्यांच्याच पायांशी क्षमा मागावयाची. सोयरीक तुटे, मयताला खांदा मिळेना. अखेर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. तेव्हा कुठे वाळीत पडलेल्या कुटुंबाला, आपल्याला शिक्षा देणाऱ्यांच्या सावलीबाहेर, आपले गाऱ्हाणे मांडावयास हक्काची जागा मिळाली.

चार माणसे एकत्र आली की तंटे होणारच. मग ती भावकी असो, सहकारी सोसायटी असो वा भजनी मंडळ. तिथे नियम लिहिताना शिक्षेची कलमे सर्वांना आधी सुचतात. मला वाटते, पहिले कलम निराळे असावे: ज्यांनी निवाडा दिला, त्यांच्यापुढेच दाद मागण्याची पाळी कुणावर येऊ नये; आणि परक्या, निःपक्ष माणसांनी पुन्हा ऐकून घेतल्यावर वाद तिथेच मिटावा. एवढे मिळाले, तर हरलेला मनुष्यही दिवाळीला त्याच अंगणात फराळाला येऊ शकतो.